विश्लेषण : विमा एजंटची परीक्षा आयुष्यात एकदाच का?

मधुमेह असलेल्या ग्राहकाला आज एखाद्या एजंटने सांगितले, की 'आधीच्या आजारासाठी पॉलिसीत चार वर्षे थांबावे लागेल', तर ते चूक आहे. 1 एप्रिल 2024 पासून ही मुदत जास्तीत जास्त 36 महिने झाली. आधी ती 48 महिने होती. मात्र ज्याने 2018 मध्ये एजंटची परीक्षा दिली त्याच्या पुस्तकात 48 महिनेच होते, आणि त्यानंतर पुन्हा परीक्षेला किंवा वर्गाला बसण्याची कायदेशीर सक्ती त्याच्यावर नाही. दहा वर्षांपूर्वी अशी सक्ती होती. ती रद्द करा, अशी कोणाची मोठी मागणी नव्हती. परवाना पद्धत मोडीत निघाली आणि तिच्याबरोबर प्रशिक्षणही गेले. आता ब्रोकरांच्या बाबतीतही तोच प्रश्न उभा राहतो आहे.

पूर्वी काय नियम होता?

विमा नियामक प्राधिकरणाच्या 2000 सालच्या नियमावलीनुसार एजंटला तीन वर्षांचा परवाना मिळत असे. त्यासाठी सुरुवातीला 100 तासांचे प्रशिक्षण आवश्यक होते. पुढे ते 50 तासांवर आले. तीन वर्षांनी नूतनीकरण करताना आयुर्विमा किंवा सर्वसाधारण विमा यांपैकी एकाच प्रकारात काम करणाऱ्याला 25 तासांचे, तर दोन्ही करणाऱ्याला 50 तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागे. प्रशिक्षण संस्थाही मान्यताप्राप्त असावी लागे. त्या तासांत किती शिकणे होई आणि किती सह्या होत, हा वेगळा विषय. पण दर तीन वर्षांनी एकदा तरी नवे नियम कानावरून जातील, एवढी सोय त्यात होती.

मग ते 25 तास गेले कुठे?

2015 मध्ये विमा कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. सगळी चर्चा परकीय गुंतवणूक 26 वरून 49 टक्क्यांवर नेण्याची झाली. त्याच दुरुस्तीने 1938 च्या विमा कायद्यातील कलम 42 बदलले. प्राधिकरणाने एजंटला परवाना देण्याची पद्धत बंद झाली आणि कंपनीनेच एजंट नेमावा, असे ठरले. 2016 च्या नियमावलीने हा बदल पक्का केला. दहावी पास उमेदवाराने 'आयसी-38' ही परीक्षा द्यायची (ती मराठीतूनही देता येते), उत्तीर्ण झाल्यावर 12 महिन्यांत एखाद्या कंपनीची पहिली नेमणूक मिळवायची आणि कामाला लागायचे. नेमणूक मिळाली की ती कंपनी किंवा एजंट थांबवत नाही तोवर चालू राहते.

परवाना नाही म्हणून नूतनीकरण नाही आणि नूतनीकरण नाही म्हणून प्रशिक्षण नाही. कागदपत्रांचा त्रास कमी झाला, हे खरे. लाखो परवान्यांची दर तीन वर्षांनी फेरतपासणी करण्याचे ओझेही प्राधिकरणावरून उतरले. एकट्या एलआयसीचे एजंट 14 लाखांहून अधिक आहेत, यावरून त्या ओझ्याची कल्पना यावी. पण प्रशिक्षणाची जबाबदारी आता कंपनीच्या धोरणावर आली. जी कंपनी विक्रीचे उद्दिष्ट देते, तीच शिकवते. अशा वर्गात नव्या योजनेला किती वेळ मिळतो आणि ग्राहकाच्या हक्कांना किती, हे वेगळे सांगायला नको.

गेल्या दोन वर्षांत नियम किती बदलले?

खूप. आधीच्या आजारांची मुदत घटली हे वर आलेच. आरोग्य विमा सलग 60 महिने चालू राहिला, तर त्यानंतर 'माहिती लपवली' या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच अपवाद. ही मुदत पूर्वी आठ वर्षे होती. पॉलिसी हाती आल्यावर पटली नाही तर परत करण्यासाठी पूर्वी साधारणपणे 15 दिवस मिळत, आता 30 दिवस मिळतात. कॅशलेस उपचारांच्या विनंतीवर कंपनीने एका तासात, तर डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून आयुर्विम्याच्या सरेंडरचे गणित बदलले. पूर्ण वर्षाचा हप्ता भरला असेल, तर पहिल्या वर्षानंतरही काही रक्कम परत मिळू शकते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरील जीएसटी शून्य झाला.

यातली एखादी गोष्ट एजंटला माहीत नसेल, तर नुकसान थेट ग्राहकाचे होते. 'दोन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय काहीच हाती येणार नाही' या सल्ल्यावर कोणी दुसऱ्या वर्षाचा हप्ता कर्ज काढून भरू शकतो. परत करण्याची मुदत 15 दिवसच होती असे समजून विसाव्या दिवशी कोणी गप्प बसू शकतो. वाद झालाच तर पुण्यात नारायण पेठेत विमा लोकपालांचे कार्यालय आहे आणि तिथे दाद मागायला शुल्क लागत नाही. पण आपला हक्क काय, हेच न कळल्यास माणूस तिथवर पोहोचतच नाही.

इतर व्यवसायांत काय आहे?

पुण्यात अनेक जण एकाच वेळी विमाही विकतात आणि म्युच्युअल फंडाची एसआयपीही सुरू करून देतात. फंडासाठी लागणारे 'एनआयएसएम'चे प्रमाणपत्र तीन वर्षांनी संपते. मग पुन्हा परीक्षा द्यायची, नाहीतर एक दिवसाचा अभ्यासवर्ग पूर्ण करायचा. ही संस्था पुण्याहून फार लांब नाही, रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे. म्हणजे त्याच माणसाला, त्याच ग्राहकाच्या दिवाणखान्यात, फंडाबद्दल बोलायचे तर ज्ञान ताजे असल्याचा कागद लागतो आणि 20 वर्षांच्या पॉलिसीबद्दल बोलायचे तर लागत नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषद डॉक्टरांकडून नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट मागते. प्रॅक्टिस करणाऱ्या, साठीच्या आतल्या सनदी लेखापालांना तीन वर्षांत 120 तास पूर्ण करावे लागतात.

दुसऱ्या राज्यात विक्री करायची तर?

भारतात हा प्रश्न येत नाही. विमा हा घटनेच्या केंद्रीय सूचीतील विषय (नोंद 47) आणि नियामक एकच, हैदराबादचे आयआरडीएआय. कोथरूडचा एजंट बेंगळुरूतल्या भाच्याला पॉलिसी देऊ शकतो, वेगळा कागद लागत नाही.

अमेरिकेत तसे नाही. तिथे 1945 च्या मॅककॅरन-फर्ग्युसन कायद्यामुळे विम्याचे नियमन राज्यांकडे आहे. न्यू जर्सीतल्या मराठी एजंटला दर दोन वर्षांनी 24 तासांचे शिक्षण घ्यावे लागते, त्यातले तीन तास व्यावसायिक नीतीचे. त्याचे ग्राहक शेजारच्या पेनसिल्व्हेनियातही असतील, तर तिथला परवाना वेगळा. मात्र राज्यांनी आपसांत ठरवले आहे, की एजंटने स्वतःच्या राज्यातील अट पूर्ण केली की इतर राज्यांनी ती मान्य करायची. पन्नास नियामक असूनही शिक्षणाची सक्ती टिकली आहे. भारतात नियामक एकच, त्यामुळे क्रेडिटची देवघेव करण्याची अडचणच नाही. अडचण आहे ती हीच, की देवघेव करायला क्रेडिट नाही.

आपल्याकडच्या भिंती राज्यांच्या नाहीत, कंपन्यांच्या आहेत. एजंटला एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीचे, एकाच सर्वसाधारण आणि एकाच आरोग्य विमा कंपनीचे काम करता येते. कंपनी बदलायची तर आधीच्या कंपनीकडून नेमणूक संपल्याचा दाखला घ्यावा लागतो. जुन्या कंपनीत काय काय शिकला, याची कोणतीही नोंद त्याच्यासोबत जात नाही. मेहनतीने शिकलेला एजंट आणि अजिबात न शिकलेला एजंट नव्या दारात सारखेच दिसतात.

ब्रोकरांचा प्रश्न आताच का?

ब्रोकरांसाठी 25 तास अजून शिल्लक होते. 2018 च्या नियमावलीत नोंदणी तीन वर्षांची ठेवली आणि नूतनीकरणाआधी ब्रोकर कंपनीचे मुख्य अधिकारी व पात्र कर्मचारी यांच्यासाठी 25 तासांचे प्रशिक्षण ठेवले. त्यांच्या परीक्षेशी पुण्यातील बालेवाडीच्या राष्ट्रीय विमा अकादमीचे नाव जोडलेले आहे. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 'सबका बिमा सबकी रक्षा' हे दुरुस्ती विधेयक मंजूर केले. बातम्या पुन्हा परकीय गुंतवणुकीच्याच झाल्या, या वेळी 74 वरून 100 टक्के. त्यात मध्यस्थांसाठी एकदाच नोंदणीची तरतूदही आहे.

नोंदणी एकदाच होणार असेल, तर 25 तास कशाला जोडायचे? ते नूतनीकरणापासून सोडवून ठरावीक वर्षांच्या हिशेबाला बांधता येतात, सनदी लेखापालांचे तसेच आहे. त्यासाठी संसदेत जावे लागत नाही, प्राधिकरणाची नियमावली पुरते. तीच अट एजंटांनाही लावता येईल आणि प्रत्येकाच्या पॅनशी जोडलेली तासांची नोंद ठेवता येईल, जी कंपनी बदलली तरी सोबत राहील. खर्च कोणी करायचा, यावर कंपन्या आणि एजंट संघटना भांडतील. विशेषतः कमी कमिशनवर तालुक्याच्या गावी काम करणाऱ्याला दोन-तीन दिवस वर्गात बसणे परवडणारे नाही, हे म्हणणे खोटे नाही. मराठीतील ऑनलाइन वर्ग आणि शेवटी छोटी चाचणी, एवढ्यावर ते भागू शकते.

तोपर्यंत पॉलिसी घेणाऱ्याने कंपनीकडून मिळणारे ग्राहक माहितीपत्रक आधी वाचावे. प्रतीक्षा काळ, काय वगळले आहे आणि पॉलिसी परत करण्याची मुदत, हे सगळे त्यात सोप्या भाषेत लिहून देणे बंधनकारक आहे. एजंटचे सांगणे आणि त्या पत्रकातला आकडा जुळत नसेल, तर सही करण्याआधी कंपनीकडे लेखी विचारावे.