मिस्टर काय करतात?
एडिसनच्या भारतीय वाणसामानाच्या दुकानात दोन अनोळखी मराठी बायका समोरासमोर येतात. मंगळसूत्र दिसतं, हसू ओठांवरच अडतं. बोलल्याच तर पहिला प्रश्न मिस्टरांचा. मग व्हिसा, मग घर स्वतःचं की भाड्याचं. (आडनावावरून जात ताडणं न बोलताच उरकतं!) ‘तू कशी आहेस?’ म्हणताना मात्र आपली जीभ अडखळते. एच-४ व्हिसावरच्या बाईला २०१५पर्यंत नोकरी करता येत नव्हती, आजही सगळ्यांना येत नाही. तिचं तिथलं राहणंच नवऱ्याच्या व्हिसावर. तो मारत असेल तर सांगायचं कोणाला? हिंसा सोसणाऱ्या दक्षिण आशियाई बायकांसाठी न्यू जर्सीत १९८५मध्ये ‘मानवी’ संस्था उभी राहिली. पण तिचा फोन नंबर या बाईच्या हाती देणार कोण?