गावठी म्हणजे भेसळ नाही, भाऊ!

पोस्ट लांब आहे, पण घरी कुत्रं-मांजर असेल तर पूर्ण वाचा.

हल्ली इकडे 'प्युअर'ची हौस वाढली आहे. लॅब्रा, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, पर्शियन मांजर. मोबाईलवर फोटो येतो, नागपूरहून पिल्लू येतं, सोबत एक कागद येतो. आता डीएनए टेस्टचंही नाव निघू लागलंय. आणि ज्या कुत्र्यानं दहा-बारा वर्षं अंगण राखलं, त्याच्याबद्दल ऐकायला मिळतं, "तो काय बावा, गावठी आहे. त्याले इंजेक्शन कायले पायजे?"

माझं भांडण या वाक्याशी आहे. डीएनएचाच दाखला द्यायचा तर नीट देऊ.

ही टेस्ट आईबाप पक्के सांगते. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबादला २०२० मध्ये एका लॅब्राडॉरवर दोघांनी हक्क सांगितला. प्रकरण पोलिसांत गेलं. एकजण म्हणाला, पिल्लू पचमढीहून आणलं. दुसरा म्हणाला, इटारसीहून. शेवटी रक्ताचा नमुना हैदराबादला गेला, पचमढीच्या बापाशी जुळला आणि २०२१ मध्ये कुत्रा पहिल्या मालकाकडे गेला. इथं डीएनएनं काम चोख केलं.

काही आजारही ती सांगते. पर्शियन मांजरांच्या मूत्रपिंडात गाठी होतात, तो दोष आईबापांकडून येतो आणि टेस्टमध्ये दिसतो. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत आणि काही जर्मन शेफर्डमध्ये असा एक दोष असतो की गोचिडांवर सर्रास टोचलं जाणारं आयव्हरमेक्टिन जास्त झालं तर त्यांच्या मेंदूवर चढतं. हे आधी कळलं तर जीव वाचतो. म्हणून हजारो रुपये मोजणारच असाल, तर विकणाऱ्याला विचारा, "याच्या आईबापाची आजारांची तपासणी केली काय?" उत्तर आलं नाही तर 'प्युअर'च्या कागदाचा उपयोग फोटोपुरता. लॅब्राच्या कमरेचा सांधा मात्र डीएनएत नाही, एक्स-रेत बघावा लागतो.

आता टेस्टची दुसरी बाजू. २०२४ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या एका टीव्ही वाहिनीच्या बातमीदार बाईंनी स्वतःच्या गालाचा नमुना कुत्र्याचा म्हणून पाठवला. एका कंपनीनं त्यांना अलास्कन मालामूट, शार पे आणि लॅब्राडॉर यांचं मिश्रण ठरवलं! जिथं माणूसच कुत्रा निघतो, तिथल्या टक्क्यांवर किती विश्वास ठेवायचा?

आणि स्वभाव? २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मोठा अभ्यास आला. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले, २ हजारांहून जास्त कुत्र्यांचे डीएनए वाचले. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला जातीमुळे साधारण ९ टक्केच निघाला. बाकी सगळं त्या-त्या कुत्र्याचं आणि त्याला वाढवणाऱ्याचं. तरी आपण जातीवरच निकाल देतो. केंद्र सरकारनंही मार्च २०२४ मध्ये २३ जातींना धोकादायक ठरवून बंदीचं पत्र राज्यांना पाठवलं होतं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. चोवीस तास साखळीला बांधलेला, मार खाल्लेला कुत्रा कोणत्याही जातीचा असो, चावणारच.

आता आपल्या 'गावठी'कडे येऊ. लोकांना वाटतं, चार जातींचं रक्त मिसळून उरलेलं म्हणजे गावठी. हे उलटं आहे. जर्मन शेफर्ड ही जात १८९९ मध्ये माणसांनी ठरवून बांधली. गावकुत्रा त्याच्या हजारो वर्षं आधीपासून माणसाजवळ आहे. २०१५ मध्ये ३८ देशांतल्या गावकुत्र्यांचे डीएनए तपासले गेले. भारतातल्या गावकुत्र्यांत युरोपी कुत्र्यांचं रक्त अगदीच कमी सापडलं. म्हणजे तुमच्याच मापानं मोजलं तर 'प्युअर' कोण, ते सांगा!

आता मुद्द्याचं. रेबीज डीएनए बघत नाही. कागदवाल्याला होतो, गावठ्यालाही होतो. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के एकट्या भारतात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यात लहान पोट्टे फार असतात. लक्षणं दिसली की जवळपास कोणी वाचत नाही. आणि हे सगळं लशीनं टळतं.

सौंदडसाठी आणखी एक कारण आहे. हायवेच्या एका अंगाला नागझिरा, दुसऱ्या अंगाला नवेगाव. जंगली जनावरं या दोन्हींच्या मधून ये-जा करतात आणि आपली कुत्री शेतात, नाल्यात, जंगलाच्या कडेला फिरतात. नागझिऱ्यातला कोळसून आपल्या कुत्र्याचा लांबचा भाऊबंद, पण डिस्टेंपर त्यालाही होतो. २०१८ मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले, त्यांच्यात हाच विषाणू सापडला होता. आपल्या गावच्या कुत्र्याला टोचलेली लस तिकडच्या जंगलालाही राखते.

म्हणून मागण्या सरळ आहेत.

१. पुढच्या ग्रामसभेत कुत्र्यांच्या लसीकरणाचा विषय घ्या. २०२३ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण ही पंचायतीचीही जबाबदारी आहे. "निधी नाही" एवढ्यावर विषय संपवू नका.
२. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिवस. त्या आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्याला सोबत घेऊन शिबिर लावा. पाळीव आणि मोकाट, दोन्हींसाठी.
३. कुत्रं चावलं तर तिखट, चुना, झाडपाला लावू नका. साबण लावून वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं जखम धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जा. सगळे डोस पूर्ण करा.

हौस करा, कोणी अडवत नाही. पण वीस हजारांचं पिल्लू आणून दारातल्या जुन्या राखणदाराला बिनालशीचं ठेवणं, ही हौस नाही, बेफिकिरी आहे.

तुमच्या कुत्र्याला शेवटची लस कधी दिली, तेवढं कॉमेंटमध्ये लिहा. जात लिहू नका.