नदीचा हंगाम आणि काठावरची माणसे

मासेमारीचा हंगाम कोणत्या तारखेला सुरू व्हावा आणि कधी संपावा, हा प्रश्न वरवर पाहता पंचांगाचा वाटतो. वस्तुतः तो न्यायाचा असतो. नॉर्वे आणि फिनलंड यांच्या सीमेवरून उत्तरेकडे वाहणाऱ्या ताना नदीची अलीकडची कहाणी या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे.

ताना ही सामन माशाची जगप्रसिद्ध नदी. १९२८ साली येथे गळाला लागलेल्या सुमारे ३६ किलो वजनाच्या सामनची गणना विक्रमात होते. अशा माशाच्या ओढीने दूरदूरचे हौशी लोक परवाने काढून दर उन्हाळ्यात या नदीवर येत. परंतु तिच्या काठी सामी हे तेथील मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. त्यांच्या लेखी सामन हे केवळ अन्न नव्हे. जाळे कोठे लावावे याचे ज्ञान आणि त्या ज्ञानाची भाषाही मासेमारीबरोबरच मुलांच्या हाती जाते.

हंगामाच्या नियमांमागे शास्त्र आहे, हे मान्य केले पाहिजे. सामन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी जन्मस्थानी परततो. समुद्रात काही वर्षे काढलेले मोठे मासे, ज्यांत माद्यांचा भरणा असतो, ते उन्हाळ्याच्या आरंभीच नदीत शिरतात. लहान मासे, बहुतांशी नर, मागाहून येतात. तेव्हा हंगाम लवकर उघडणे म्हणजे बियाण्याच्या कणगीला हात घालणेच होय. संख्या घटू लागल्यावर मासेमारी सुमारे ३० टक्क्यांनी कमी करण्याच्या हेतूने उभय देशांचा नवा करार २०१७ साली अमलात आला. आपल्याला पुरेसे विश्वासात घेतले नाही, अशी सामी प्रतिनिधींची तक्रार होती. पुढे २०२१ साली तर सामनची मासेमारी सरसकट बंद करण्यात आली.

माशाला पाहुण्याचा गळ आणि यजमानाचे जाळे यांतला भेद कळत नाही, असा युक्तिवाद यावर केला जातो. तो खरा आहे. पण कायद्याला तो भेद कळलाच पाहिजे. पाहुण्याचा एक उन्हाळा बुडाला तर तो दुसऱ्या नदीवर जाईल. सामी कुटुंबातील मूल मात्र दहा वर्षे जाळ्याला हात न लावता वाढले, तर जे तुटेल ते कोणत्याही अनुदानाने जोडता येणार नाही. फिनलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली उपनद्यांवरील दोन खटल्यांत सामी मच्छीमारांना निर्दोष ठरविले, ते राज्यघटनेने त्यांना दिलेल्या संस्कृतिरक्षणाच्या हक्काच्या आधारेच.

याचा अर्थ बंदी चुकीची होती असा नव्हे. तानाची पिल्ले समुद्राकडे निघण्यापूर्वी बहुधा तीन ते पाच वर्षे नदीतच काढतात. त्यामुळे २०२१च्या शरदात घातलेल्या अंड्यांचे फळ दिसायला सहा-सात वर्षे तरी लागणारच. शिवाय समुद्रात जगून परतणाऱ्या सामनचे प्रमाणच घटले आहे. नॉर्वेने २०२४च्या जूनमध्ये आणखी ३३ नद्या बंद केल्या, त्याही परतणारे मासे फार थोडे दिसल्यामुळे. समुद्रातील बिघाडाची किंमत एकट्या नदीकाठाने किती काळ मोजावी, हाही प्रश्न आहेच.

धीर धरावाच लागेल. परंतु नदी पुन्हा खुली करताना अग्रक्रम कोणाचा, हे आधीच आणि सामींच्या संमतीने ठरले पाहिजे. थोडे मासे असतील तेव्हा पहिला हक्क काठावरच्यांचा आणि विपुलता आली की पाहुण्यांचा, हा क्रम न्याय्य आहे. काठावरच्या माणसाला नियम आपला वाटला नाही, तर तो पाळून घेण्यासाठी सरकारला प्रत्येक वळणावर पहारेकरी ठेवावा लागेल. आणि तेवढे पहारेकरी कोणत्याच सरकारपाशी नसतात.