धडधाकट मुलांचा इको कशासाठी?

मुलाला काही त्रास नसताना ‘एकदा टूडी इको करून टाकू’ म्हणणाऱ्या पालकांची काळजी खोटी नसते. तरीही बडोद्यातल्या मांजलपूरच्या शाळांमधून सरसकट इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करण्याला माझा विरोध आहे. निरोगी मुलांच्या हृदयातला रक्तप्रवाह जरूर मोजावा, पण आधी आपल्या मुलांचं ‘नॉर्मल’ ठरवण्यासाठी. इकोमधलं डॉप्लर तंत्र रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनिलहरींवरून रक्ताचा वेग सांगतं. मात्र प्रोब आणि प्रवाह यांच्यात ६० अंशांचा कोन पडला, तर वेग निम्माच दिसतो. एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडलं हे काढताना महाधमनीच्या मुखाच्या व्यासाचा वर्ग करावा लागतो. चार वर्षांच्या चुळबुळ्या मुलात हा व्यास जेमतेम सव्वा सेंटीमीटर! तिथे सव्वा मिलिमीटर इकडेतिकडे झालं की उत्तर सुमारे २० टक्क्यांनी चुकतं. शिवाय कितीतरी निरोगी मुलांच्या उजव्या बाजूच्या झडपांमधून किंचित रक्त मागे येतंच. रिपोर्टात ‘गळती’ हा शब्द दिसला की त्या घराची झोप उडते आणि मुलाचं खेळणं बंद होतं. उत्तर अमेरिकेतल्या तीन हजारांवर मुलांच्या हृदयाची मापं २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी अजमेरच्या डॉक्टरांनी भारतीय मुलांची मापं मांडली. असं काम बडोद्यातही व्हायला हवं. एकाच वर्गात अशक्त आणि लठ्ठ मुलं शेजारी बसतात, त्यांना परकी फूटपट्टी कशी पुरेल?

यावर वजनदार आक्षेप आहे तो संधिवाताच्या तापाने बिघडणाऱ्या झडपांचा. हरियाणात बल्लभगढच्या ६,२७० शाळकरी मुलांत स्टेथोस्कोपने हजारी एकाहून कमी, तर इकोने हजारी सुमारे २० मुलं सापडली. युगांडात अशा छुप्या आजाराच्या मुलांत दोन वर्षांत आजार वाढण्याचं प्रमाण पेनिसिलीन न दिलेल्यांत ८.२ टक्के, तर दिलेल्यांत ०.८ टक्के होतं. हा पुरावा मी मानतो. पण युगांडात शोध एकाच रोगाचा होता, निकष ठरलेले होते आणि सापडलेल्या मुलाला दर महिन्याला इंजेक्शन मिळत होतं. नुसत्या इकोच्या पॅकेजात यातलं काय असतं? धाप लागणं, ओठ निळे पडणं, वजन न वाढणं किंवा छातीत मर्मर ऐकू येणं, यांपैकी काही असेल तर इको लगेच करावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अशी मुलं हुडकण्यासाठीच आहेत. मापांचं काम बडोदा मेडिकल कॉलेजने सयाजी रुग्णालयात हाती घ्यावं: पालकांची संमती, एकच पद्धत, प्रत्येक माप दोघांनी स्वतंत्रपणे घेतलेलं. आणि अनपेक्षित काही दिसलंच तर पुढचे उपचार कुठे, कोणाच्या खर्चाने, हे पहिल्या मुलाच्या छातीला जेल लावण्याआधीच लेखी ठरलेलं असावं.