सोप्या शस्त्रक्रिया कमी झाल्या. मग हात बसणार कोठे?

गुडघ्याला दोन लहान छिद्रे. एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून हत्यार, आणि नजर पडद्यावर. आर्थ्रोस्कोपीतील खरा अवघडपणा हाच, की हात जेथे काम करतात तेथे डोळे नसतात. सांध्यातील खोलीचा अंदाज सपाट चित्रावरून बांधावा लागतो. हत्यार जरा घसरले की निरोगी कूर्चेवर ओरखडा उमटतो आणि तो सहसा भरून येत नाही.

हे कौशल्य पूर्वी पायरीपायरीने अंगी येई. आधी केवळ निदानासाठी सांध्यात डोकावणे, मग फाटलेल्या मेनिस्कसचा तुकडा काढणे, त्यानंतर टाके आणि लिगामेंटची पुनर्रचना. पहिली पायरी एमआरआयने जवळजवळ पुसून टाकली. दुसरी संशोधनाने झिजवली: २०१३ साली फिनलंडमधील १४६ रुग्णांच्या चाचणीत, वयपरत्वे झिजून फाटलेल्या मेनिस्कसचा तुकडा काढलेल्यांना लुटुपुटीची शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा वर्षभरानंतर अधिक आराम पडलेला आढळला नाही. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील मार्गदर्शक सूचनेने अशा झिजलेल्या गुडघ्यांवर आर्थ्रोस्कोपी करूच नये, असे ठामपणे सांगितले. रुग्णांच्या दृष्टीने हे योग्यच झाले. मात्र शिकणाऱ्याच्या वाट्याला आता थेट अवघड शस्त्रक्रियाच येतात.

त्यात ब्रिटनमध्ये २००९ पासून कनिष्ठ डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा आहे. प्रतीक्षायादी कमी करण्यासाठी एनएचएसचे साधे रुग्ण खासगी केंद्रांकडे पाठवले जातात, आणि तेथे प्रशिक्षणार्थीला टेबलापाशी जागा मिळेलच असे नाही. (मुंबईच्या पालिका रुग्णालयांत तयार होऊन इकडे आलेल्या आपल्या डॉक्टरांना रुग्णांची टंचाई ही अडचणच नवलाची वाटावी!)

उरतो तो सिम्युलेटर. ऑक्सफर्डमध्ये २० कनिष्ठ प्रशिक्षणार्थींवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कृत्रिम गुडघ्यावर सराव केलेल्यांनी प्रत्यक्ष शस्त्रक्रियागृहातही सरस काम केले. अर्थात रक्ताने गढूळ झालेल्या सांध्यात काय करावे, किंवा कोणावर शस्त्रक्रिया करूच नये, हे यंत्र शिकवणार नाही. परंतु दुर्बीण आणि हत्यार यांचा मेळ रुग्णाच्या गुडघ्यावर प्रथमच जुळवला जाऊ नये, एवढे तरी त्यातून साधते. प्रश्न यंत्राच्या किमतीपेक्षा वेळेचा अधिक आहे. हा सराव थकूनभागून ड्युटी संपल्यावर करायचा असेल, तर तो होणार नाही. त्यासाठी कामाच्या वेळापत्रकातच तास राखून ठेवावे लागतील, आणि त्या तासांत शिकवणारा ज्येष्ठ शल्यचिकित्सकही शेजारी हजर हवा.