शीत कोणाच्या हंडीतले?

शितावरून भाताची परीक्षा होते, हे आमच्या मायबहिणींस कोणा शास्त्र्या-पंडिताने शिकवावयास नको. पण शीत त्याच हंडीतले घ्यावे लागते! वाड्यातला साखरभात चाखून आमच्या घरच्या कण्या शिजल्या की कच्च्या राहिल्या हे सांगणारे शहाणे हल्ली फार झाले आहेत. लोक त्यांस लोकमताचे पाहणीकार म्हणतात.

हा रोग जुना आहे. १९३६ साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या, २० लाखांवर परत आल्या, आणि लँडन निवडून येणार म्हणून त्याने डांगोरा पिटला. निकालात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्टने जिंकली. कारण काय? नावे काढली होती ती मुख्यतः टेलिफोनच्या व मोटारींच्या याद्यांतून. ज्याच्या दारी मोटार नाही त्यास मतही नाही, असा तो हिशेब!

आमच्याकडे २०२४ साली १ जूनच्या संध्याकाळी बहुतेक कौलांनी सत्ताधारी आघाडीस साडेतीनशेच्या वर जागा वाटल्या. एकाची मजल तर ४०१ पर्यंत गेली. ३ जूनला शेअरबाजार उसळला. ४ जूनला मोजणी झाली तेव्हा हाती २९३ आल्या आणि सेन्सेक्स एका दिवसात ४,३०० अंशांहून अधिक आपटला. (कोणती आघाडी जिंकली याचे आम्हांस सोयरसुतक नाही, २००४ साली हेच कौल असेच तोंडघशी पडले होते.) कौल देणाऱ्याचे काय गेले? काही नाही. ज्याने पोरीच्या लग्नाची पुंजी आदल्या दिवशी बाजारात घातली, त्याचे गेले.

आता हे कौल छापणारे व पडद्यावर बसून त्यांचा अर्थ सांगणारे कोण, तेही पाहा. २००६ साली दिल्लीतील ३७ वृत्तपत्रे व वाहिन्यांतल्या ३१५ वरिष्ठांची जात तपासली गेली. शंभरातले ७१ उच्चवर्णीय हिंदू पुरुष निघाले! मागासवर्गीय अवघे ४, आणि दलित किंवा आदिवासी एकही नाही. देशाचे मन ओळखण्याचा मक्ता तो यांच्याकडे!

पाहणी ही वस्तूच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. वरचा आकडाही पाहणीनेच उघडा पाडला. गरीब व दलित मतदानास श्रीमंतांइतकेच, कित्येकदा अधिक उत्साहाने जातात, हेही १९९०नंतरच्या पाहण्यांनीच दाखविले. नाहीतर आम्हांस अडाणी व उदासीन ठरवून मोकळे होणारे थोडे नव्हते. आमचे भांडण आहे ते कोणास विचारले यावर. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १०० पैकी ५४ बायांपाशीच स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. मग फोनवरून लोकमत गोळा करणाऱ्याने उरलेल्या ४६ जणींचे मत कोठून आणले?

तेव्हा, बंधूंनो, उद्या कोणी कौलाचा कागद नाकापुढे नाचवील, त्यास आधी हटकून विचारा: किती जणांस विचारले? त्यांत खेड्यांतले किती, बाया किती, मजूर किती? आणि पैसे कोणी दिले?