वाचकाची नोंदवही

आमच्या गांवचें करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचें. ग्रंथालयांतून पुस्तक घरीं न्यावयाचें तर त्याचें नांव व तारीख नोंदवावी लागते. कोणास कशाची आवड आहे हें ग्रंथपालास त्यावरून कळतें. पण ती वही वाचकाच्या डोळ्यांसमोर असते.

संगणकावर वाचणाऱ्यास तशी वही दिसत नाहीं. तेथें प्रत्येक लेखास विषय, लेखक, तारीख यांच्या चिठ्ठ्या आधींच चिकटविलेल्या असतात. यांसच मेटाडेटा म्हणतात. लेख उघडतांच त्या चिठ्ठ्या आपल्या नांवें जमा होऊं शकतात. कुस्तीवर पांच लेख, शाहू महाराजांवर दोन, आणि मध्यरात्रीं एखाद्या दुखण्याविषयीं एक! पहिल्या सातांचें आम्हांस कांहीं वाटत नाहीं. आठवा मात्र आम्हीं घरच्या वडीलधाऱ्यांसही सांगितलेला नसतो.

लोकांस काय रुचतें हें कळल्यानें संपादकाची सोय होते, हें खरें. परंतु लेख किती जणांनीं उघडला एवढें त्यास पुरे; कोणीं उघडला हें कशास हवें? 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यांत 18 वर्षांखालील मुलांवर अशी पाळत ठेवण्यास मनाई लिहिलेली आहे. सरकार तींत कांहीं अपवाद करूं शकतें, हा भाग निराळा. शाळेंत आम्ही जीं संकेतस्थळें उघडतों, तीं ही मनाई मानतात काय, हें गुरुजनांनीं येत्या सहामाहींत एकदां तपासून पाहावें, अशी आमची विनंती आहे.